देवमाशाची कंबर

रंगूबाईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू मिरजेला काढला, ते साल शहात्तर. संक्रांत नुकतीच झाली होती. रहिमतपूरच्या स्टेशनवर तिला गाडीत बसवताना भावकीतल्या बायकांनी बजावलं होतं, ऑपरेशन झाल्यावर वाकू नको, वझं उचलू नको, शिंकू नको. शिंक कशी आवरायची, ते मात्र एकीलाही सांगता आलं नव्हतं.

दवाखान्यातून सुटल्यावर ती सांगलीला भाच्याच्या घरी आली. भाचा म्हणजे लालासाहेब, तिच्या थोरल्या भावाचा मुलगा. सांगलीच्या एका कॉलेजात तो प्राणिशास्त्र शिकवायचा. रंगूबाईला जाड भिंगाचा चष्मा मिळायला अजून महिना-दीड महिना होता. तोवर उजव्या डोळ्यावर पट्टी, आणि डावा डोळा तर आधीपासूनच धुक्यानं भरलेला. माणूस समोर आलं की ती आकार बघायची आणि आवाजावरून नाव ठरवायची.

सांगलीच्या कडेची विश्रामबाग वसाहत तेव्हा मोकळी होती. दोन घरांच्या मधे ज्वारीचं रान लागायचं. रेल्वेची शिट्टी थेट माजघरात यायची, आणि सकाळी कॉलेजला निघालेले मास्तर लोक सायकलवरून एकमेकांना हात करत जायचे. लालासाहेबाचं भाड्याचं घर अगदी कडेला होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं भलं मोठं परसू.

पहिल्याच सकाळी रंगूबाईला परसातून वास आला. सुक्या बोंबलाचा म्हणावा तर तसा नव्हे, तेलाच्या घाण्याचा म्हणावा तर तसाही नव्हे. दोन्ही एकत्र करून उन्हात ठेवल्यासारखा.

"सूनबाई, मागं काय मेलंय का गं?"

लालासाहेबाची बायको शालन वाईची. मॅट्रिक झालेली, बोलायला मऊ. तिला सातवा सरत आला होता. चहाची कपबशी रंगूबाईच्या हातात देत ती म्हणाली, "मेलं ते तीन वर्षांपूर्वी, आत्याबाई. आता नुसती हाडं आहेत. देवमाशाची."

गोष्ट अशी होती. रत्नागिरीकडच्या एका वाडीच्या किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला होता. पेपरात दोन ओळी आल्या. त्या वाचून लालासाहेब प्रिन्सिपॉलांच्या खोलीत जाऊन बसला आणि परवानगी घेऊनच उठला. वाडीतल्या लोकांनी मांस काढलं, हाडं वाळूत पुरली, तीन पावसाळे त्यांच्यावरून गेले. गेल्या दिवाळीनंतर ती उकरून इलाही ट्रकवाल्याच्या गाडीतून घाट चढवून सांगलीला आणली. कॉलेजचा नवा हॉल बांधून व्हायचा होता, प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. मग धुवायला आणि वाळवायला ती लालासाहेबाच्या परसात पसरली. घरमालक नानासो यांनी आनंदानं होकार दिला होता. सांगाडा म्हणजे ट्रंकेत मावेल असं काहीतरी, अशी त्यांची समजूत होती. ट्रक रिकामा व्हायला लागला तेव्हा ते ओट्यावर उभे राहिले ते उभेच राहिले. पुढं रोज सकाळी नाकाला उपरणं लावून ते विचारायचे, "सर, झाली का व्यवस्था?"

रंगूबाईला बसून राहायची सवय नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंत धरत ती परसात गेली आणि तिचा पाय कशाला तरी अडला. वाकायचं नाही म्हणून ती सावकाश टेकून बसली. बसली ते देवमाशाच्या मणक्यावरच. उखळाएवढा मणका, दोन्ही बाजूंना पंख फुटल्यासारखी हाडं. तिनं हात फिरवला. पुढचा मणका लागला, त्याच्या पुढचा लागला. लालासाहेबानं ते ओळीनं मांडून ठेवले होते.

संध्याकाळी तो कॉलेजातून आला तर आत्ती परसात. एका मणक्यावरून दुसऱ्यावर हात टाकत चाललेली.

"आत्ती, डोळा सांभाळ. काय चाललंय?"

"हाताला काम न्हाई म्हणून चाचपतीया. लाला, एवढा थोरला मासा, आन मणकं बग, गाईम्हशीवाणी."

"मासा न्हाई गं त्यो. त्याला आपल्यावाणी फुप्फुसं असत्यात. पिल्लाला दूध पाजतो."

रंगूबाई थांबली. "दूध पाजतो? मंग प्वाटात बी वागवीत असंल."

"व्हय. वरीसभर."

"मंग कंबर कुठाय?"

 ती पुढं म्हणाली, "मगाधरनं हुडकतीया. डोस्कं लागलं, बरगड्या लागल्या. पाठ लागली, शेपूट लागलं. मधलं खुब्याचं हाड न्हाई. लेकरू ज्या कड्यातनं येतं ते कडंच न्हाई. ट्रकातनं पडलं का काय वाटंला?"

तिनं हे असं विचारणं साहजिक होतं. रंगूबाई एके काळची सुईण. रहिमतपूरकडच्या तीन-चार गावांत निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. खुद्द लालासाहेब तिनंच काढलेला, तोही पायाळू, पायांकडून आलेला. पायाळू माणसानं पाय लावला की कमरेत भरलेली उसण उतरते म्हणून लहानपणी गावातली म्हातारी माणसं त्याच्यापुढं पालथी पडायची, आणि तो गूळ-शेंगदाण्याच्या बोलीवर त्यांच्या पाठीवर पाय द्यायचा. पण लालासाहेब दहा-अकरा वर्षांचा असताना आत्तीनं ते काम सोडलं. पुढं वीस वर्षं तिनं कुठल्या गरवार बाईच्या पोटाला हात लावला नाही. कुणी बोलवायला आलं तर दार पुढं लोटून घ्यायची. का, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

लालासाहेब तिच्याशेजारच्या मणक्यावर बसला.

"पडलं न्हाई, आत्ती. ह्याला कंबरेचं कडं नसतंच. लय लय पूर्वी ह्याचं पूर्वज जमिनीवर हुतं, चार पायांचं. पाण्यात गेलं, मागचं पाय झिजत झिजत गेलं. कंबरेची दोनच बारकी हाडं उरली, एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. ती पाठीच्या कण्याला चिकटलेली नसत्यात. मांसात नुसती रुतून असत्यात."

"मंग ती दोन कुठं हायती?"

"तीच गेली," लालासाहेब म्हणाला. "मांस कापाय माणसं लागली तवा भरती चढत हुती. घाण सुटलेली. मी वरडून सांगत हुतो, पोटाखालचं मांस माझ्याम्होरं कापा म्हणून. कोण ऐकतंय. कापलं आन मांसाच्या खड्ड्यात लोटलं."

"मंग खड्डा उकरायचा."

"तीन वर्षं झाली की."

"हाड तीन वर्षांत कुठं जातंय?" ती सहज म्हणाली आणि उठायला हात पुढं केला.

लालासाहेबाच्या मनाला ते लागून राहिलं. सांगाडा उभा करताना ती जागा रिकामी सोडायची असं त्यानं ठरवून टाकलं होतं. पुस्तकातलं चित्र दाखवून पोरांना सांगता आलं असतं. पण आता रोज संध्याकाळी आत्ती परसात बसलेली असायची आणि हात फिरवत त्या मोकळ्या जागेशी यायची. एकदा तिनं विचारलं, ही बाई हाय का बापय.  नरात ती हाडं जाडजूड असतात, मादीत बारीक, एवढंच त्याला पुस्तकातून माहीत होतं.

पुढच्या रविवारला जोडून सुट्टी आली तशी त्यानं इलाहीला गाठलं. इलाही चिपळूणला मीठ भरायला जाणारच होता. "सर, एकदा त्या वासानं माझी बायको आठ दिवस मला भाईर झोपवत हुती," असं म्हणत त्यानं केबिनमधली जागा रिकामी केली.

दोघं तीन दिवसांनी परत आले. वाडीतल्या सुरूच्या झाडांखाली मांसाचा खड्डा होता तो दाखवणारी म्हातारी सुदैवानं जिवंत होती. दोघांनी फावड्यानं वाळू ओढली. तेलकट काळा थर लागला, तो लालासाहेबानं हातानं चाळला. दोन दिवस पाठ मोडेपर्यंत काम केलं, तेव्हा एक हाड मिळालं. दुसरं नाहीच मिळालं. इलाही म्हणाला होता, अजून एक दिस थांबू, मिठाचं बगू पुढं. पण मंगळवारी कॉलेज होतं, सोमवारी संध्याकाळी निघणं भागच होतं.

लालासाहेब घरी आला, आंघोळ केली, हाड घासून धुतलं आणि ओट्यावर बसलेल्या आत्तीच्या मांडीवर ठेवलं. दीड वीत लांब, मधे जरासं फुगलेलं, दोन्ही टोकांना निमुळतं, विळ्याच्या पात्यासारखं किंचित वाकलेलं. एवढ्या अजस्र जनावराचं, आणि ते एका हातात मावत होतं.

रंगूबाईनं ते बराच वेळ बोटांनी पाहिलं. टोकाकडून मधे, मधून टोकाकडं.

"ह्येच?"

"ह्येच."

"आन पाय?"

"पायाचं तर काईच न्हाई. एकांद्यात लिंबाएवढी गाठ ऱ्हाते मांडीच्या हाडाची. ह्याच्यात ती बी न्हाई घावली."

"मंग हे तरी कशाला ठेवलंय देवानं?"

लालासाहेब जरा घुटमळला. वर्गात पोरींपुढं हे सांगताना तो खडूकडं बघायचा. पण आत्ती सुईण होती. "पुस्तकात बिनकामाचं म्हणत्यात. तसं अगदी न्हाई. नर-मादीच्या जागंचं स्नायू ह्याला धरून असत्यात. चालाय उपेग न्हाई, पर वंश चालवाय हाय."

रंगूबाई हसली. मग तिनं हाड उजव्या मांडीशी आडवं धरलं, डाव्या हातानं तसंच दुसरं असल्याची खूण केली आणि दोन हातांच्या मधली जागा तशीच ठेवली.

"ही दोन एकमेकाला मिळत न्हाईत?"

"न्हाई."

"मागं माकडहाडाला बी चिकटत न्हाईत?"

"कुठंच न्हाई. वाटंत हाड म्हणून न्हाईच. नुसतं मांस. लागंल तेवढं ताणतं. पिल्लू बहुतेक शेपटाकडनं येतं, बारा-बारा फूट लांब, आन सुटतं."

"शेपटाकडनं. म्हंजी सगळी तुझ्यावाणी पायाळू."

"सगळी," लालासाहेब म्हणाला.

"आन अडत न्हाईत."

"हाडाला तरी अडत न्हाईत."

रंगूबाईचे हात तसेच राहिले. शालन आतून दिवा लावून आली होती, ती दारातच थांबली. कारण आत्याबाईंच्या पट्टीखालून पाणी येत होतं आणि डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलं होतं.

"बनू अडली हुती," रंगूबाई म्हणाली.

बनू तिची एकुलती एक लेक. पहिलटकरीण, आईकडं आलेली. दोन रात्री कळा दिल्या, पण बाळाचं डोकं खाली उतरेना. सगळ्या गावाची पोरं काढलेल्या हातांनी रंगूबाई आपल्या लेकीपुढं बसली होती. तिला ठाऊक होतं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी गाडी जुंपून साताऱ्याकडं निघाले, तर नदीला पाणी, उताराला नाव सुटत नव्हती. बनू नदीच्या अलीकडंच गेली. बाळ पोटातच राहिलं. पुढं पाणवठ्यावर कुणीतरी म्हणालं, सुईणीची लेक सुईणीच्या हातात गेली. म्हणणारीच्या मनात वाईट नसेलही. पण ते वाक्य रंगूबाईच्या घरात येऊन बसलं.

"मला वाटायचं, माजाच हात चुकला," ती म्हणाली. "कुठंतरी दाबाय नगं तितं दाबलं, न्हाईतर थांबाय पायजे तवा थांबले न्हाई. लई वरसं रोज ती रात फिरून फिरून बघितली. हात कुठं चुकला ते घावंना."

लालासाहेबाला बनूताई आठवत होती. त्याला कडेवर घेऊन फिरायची, आणि थोडं चाललं की दमून कुठंतरी टेकायची. तिचे पाय गुडघ्यात बाहेर वाकलेले होते. पोरं तिला त्यावरून चिडवायची.

"आत्ती," तो म्हणाला, "बनूताईला ल्हानपणी मुडदूस झाला हुता न्हवं?"

"व्हय. दुष्काळाच्या सालात. तीन वर्षांची झाली तरी उभी ऱ्हाईना."

"त्यात हाडं मऊ पडत्यात. पाय वाकत्यात ते आपल्याला दिसतं. कंबरेचं कडं बी दबतं, ते कुणाला दिसत न्हाई. पुढनं मागं चपटं हुतं. त्या वाटंनं डोस्कं उतरलंच नसतं, आत्ती. तुज्या न्हाई, कुणाच्याच हातानं. पोट फाडून काढाय पायजे हुतं, आन त्यो दवाखाना नदीच्या पल्याड हुता."

 हाड रंगूबाईच्या हातातच होतं. तिनं ते ओट्यावर ठेवलं आणि पदरानं गाल पुसले, पट्टीला धक्का न लावता.

"हे तू मला आदी का न्हाई सांगितलंस?"

"तू कवा बोललीसच न्हाईस. आन मला बी इचारायचं धाडस झालं न्हाई."

त्या रात्री रंगूबाई जेवली नाही. शालननं दुधाचा पेला नेऊन दिला तो मात्र घेतला. सकाळी नेहमीसारखी उठली, आणि चूल पेटायच्या आधी शालनला म्हणाली, "सूनबाई, हितं ये. आडवी हो जरा."

शालन चटईवर आडवी झाली. म्हातारीनं तळहात एकमेकांवर चोळून ऊब आणली आणि वीस वर्षांनी एका पोटावर हात ठेवला. बोटं आपोआप बाळाचं डोकं हुडकायला लागली.

त्यानंतर दर चार-आठ दिवसांनी ती शालनला निजवून बघायची. माघ संपला, चष्मा आला. नाकाला तो जड व्हायचा आणि त्यातून ओट्याची पायरी वीतभर वर उचलल्यासारखी दिसायची. शालनच्या आईचं वाईहून सारखं बोलावणं येत होतं, पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं म्हणून. पिशवी भरून तयार होती. जायच्या आदल्या दिवशी रंगूबाईनं पुन्हा हात लावला आणि लालासाहेबाला बाजूला बोलावलं.

"वाईला नगं. सूनबाईचं कार्ड हाय त्या मिरजेच्या डॉक्टरीणबाईला दाखव."

"काय झालं?"

"झालं काय न्हाई. पर पहिलटकरणीचं डोस्कं आत्तापतूर खाली बसाय पायजे. वरच तरंगतंय. पोर बी अंगानं थोराड लागतंय आन सूनबाईचा खुबा ल्हान. माजा अंदाज चुकंल बी. चुकला तर चांगलंच हाय."

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी शालनला तपासलं, पोटाचा एक्स-रे फोटो काढायला सांगितला, आणि त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी मी कार्डावर तेच लिहिलंय, आजी. डोकं वर आहे. वाईला कशाला पाठवताय? बाळंतपण इथंच होऊ द्या." आपण काही वेगळं सांगितलेलं नाही, दवाखान्यालाही ते ठाऊक होतं, याचं रंगूबाईला फार समाधान वाटलं. परतताना बसमध्ये ती शालनला म्हणाली, "बरं झालं गं. एकट्या माज्या हातावर भरवसा ठेवायची पाळी आली न्हाई."

शालनला कळा सुरू झाल्या तसं तिला मिरजेला नेलं, पण दुपारपर्यंत डोकं उतरलं नाही. डॉक्टरीणबाईंनी आणखी वाट पाहिली नाही. लालासाहेब व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. रंगूबाई बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती. इतकी बाळंतपणं केली, पण दाराच्या बाहेर बसायची तिची ही पहिलीच वेळ. ऑपरेशनच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला तेव्हा ती चटकन उठली, आणि आपल्याला आत काही काम नाही हे ध्यानात येऊन परत बसली. नर्सनं मुलगी झाल्याचं सांगितलं. आई बरी आहे म्हणाली. रंगूबाईनं तिला तीनदा विचारलं, आई बरी हाय न्हवं.

बारशाला शालनच्या मनात मुलीचं नाव बनू ठेवायचं होतं. रंगूबाईनंच नको म्हटलं. "गेलेल्याचं वझं लेकराच्या डोस्क्यावर कशाला. तिचं नाव तिला नवं असू द्या." वैशाली ठेवलं.

पावसाच्या आधी नवा हॉल झाला. इलाहीच्या ट्रकनं हाडं नेली. नानासोंनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले आणि संध्याकाळी, आता परसू फार ओकंबोकं दिसतंय, असंही म्हणाले. हॉलच्या छतापासून सांगाडा तारांनी टांगला. पोटाखाली, कण्यापासून हातभर अंतर सोडून, खालच्या अंगाला ते एक हाड वेगळ्या दोन तारांवर अधांतरी धरलं. दुसऱ्या बाजूला तसंच प्लॅस्टरचं करून लावलं आणि ते खरं नाही अशी पाटीवर नोंद केली. रंगूबाई चष्मा लावून बघायला गेली. बराच वेळ मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "हाताला लय थोर लागत हुता. डोळ्याला बारका दिसतोय."

मग ती गावाकडं गेली. तिचं दार आता लोटलेलं नसायचं. बाळंतपणं ती करायची नाही, पण सातव्या-आठव्या महिन्यातल्या पोरी तिच्याकडं पोट दाखवायला येऊ लागल्या. कुणाचं डोकं वर वाटलं, कुणाचे पाय वाकलेले दिसले, की ती सासूला बोलावून घ्यायची आणि ऐकेपर्यंत उठू द्यायची नाही. दोनदा तर स्वतः यष्टीत बसून पोरीला साताऱ्याला घेऊन गेली.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात रंगूबाई गेली. झोपेतच गेली. दहाव्याला लालासाहेब गावी आला होता. नदीवरून परतल्यावर शेजारच्या धोंडुबाईनं त्याला चहाला बोलावलं. तीही आत्तीच्याच वयाची, कानानं कमी.

"लाला, तुमच्या त्या सांगलीच्या माशाचं रंगू लय सांगायची," ती म्हणाली. "म्हणं त्यो पयला जमिनीवर हुता. त्याच्या बायकांना बाळंतपणाचा लय तरास व्हायचा. मंग त्या समद्या एक दिस दर्याकडं गेल्या आन म्हणाल्या, आमाला पाय नगंत, पर ही कंबर सोडव. दर्यानं पाय घेतलं, कंबर सोडवली, आन दोन बारकी हाडं तेवढी वळखीला ठेवली. खरं का रं?"

लालासाहेबानं कॉलेजात हा धडा किती वेळा शिकवला होता. त्यात असं काहीही नव्हतं. हाडं मऊ पडून दबतात, ते सांगितलेलं त्याला आठवलं, पण ही गोष्ट त्यानं आत्तीला कधीच सांगितली नव्हती. बशीत ओतलेला चहा त्यानं फुंकला.

"व्हय काकी," तो जरा मोठ्यानं म्हणाला. "तसंच काईतरी हाय."

धोंडुबाईनं मान हलवली आणि सुनेला आतून गूळ आणायला सांगितलं.